मशीन लागलं, घोरणं थांबलं, तरी दिवसा गळून जायला होतंय? मग हे क्रमाने तपासा

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याच्या आजाराचं, निदान झालं, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी आलं, घरातल्यांना रात्री शांत झोप लागायला लागली. आणि तुम्ही मात्र दुपारी तीनला टेबलावर डोकं टेकवायच्या बेतात. "आता तर मशीन आहे ना, मग कसला थकवा?" असं घरचे विचारतात आणि आपल्यापाशी उत्तर नसतं.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. वय ५२. कित्येक वर्षं माझ्या थकव्याला पाळी जायचं वय, घरची धावपळ, कामाचा ताण अशीच नावं मिळत गेली. बायका पुरुषांसारख्या जोरजोरात घोरतीलच असं नाही. सकाळी डोकं जड, चिडचिड, विसरायला होणं आणि कायमचा शीण एवढीच कित्येकींची तक्रार असते. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या तपासणीत तासाला ३० पेक्षा जास्त वेळा श्वास अडत होता. हा आकडा ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र धरतात.

मशीन लावल्यावर घोरणं पहिल्याच रात्री थांबलं. थकवा थांबला नाही. तो नंतर गेला, पण एकेक कारण शोधून निस्तरल्यावर. ते शोधायचा क्रम इथे लिहिते आहे, कारण पुष्कळ जण नेमके याच टप्प्यावर "काही उपयोग नाही" म्हणून मशीन कपाटावर टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. उपचार बरोबर असतो, फक्त अर्धाच पोचलेला असतो.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी, जुळली नाही तर आम्ही सगळी खाती एकदम उपसत बसत नाही. आधी बेरजा, मग खतावणी (खात्यांची वही), मग कीर्द (रोजची नोंदवही). इथेही तसंच करा. आधी मशीन किती तास लागतं ते बघा, मग हवा गळते का, मग मशीनचे आकडे, मग झोपेची वेळ आणि त्यानंतर रक्त, गोळ्या, मन.

झोप येते की शीण आहे?

हे आधी ठरवा, कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. दुपारी आडवं झाल्याबरोबर डोळा लागतो, टीव्हीसमोर मान पडते, एसटीत बसलं की दुसऱ्या थांब्याच्या आत झोप, असं असेल तर रात्रीच्या झोपेतच अजून काहीतरी कमी आहे. उलट अंगात त्राण नाही, जिना चढवत नाही, पण आडवं झालं तरी डोळा लागत नाही, असं असेल तर मशीनच्या पलीकडे बघावं लागतं.

यासाठी एपवर्थ नावाची एक साधी प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली आणि जगभरचे झोपेचे डॉक्टर ती वापरतात. आठ प्रसंग दिलेले असतात: बसून वाचताना, टीव्ही बघताना, सभेत किंवा चारचौघांत गप्प बसलेलं असताना, गाडीत तासभर मागे बसून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि रहदारीत गाडी थांबलेली असताना. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण. एकूण २४. दहापर्यंत ठीक, त्यापुढे झोप जास्तच येते असं समजतात. मशीन सुरू व्हायच्या आधीचा आकडा नसेल तर आजचा लिहा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. थकवा रोज थोडाथोडा कमी होत असेल तर आपल्याला तो जाणवत नाही, कागदावर मात्र दिसतो.

घरच्यांनाही तुमच्याबद्दल तीच प्रश्नावली भरायला सांगा. माझ्या आणि आमच्या ह्यांच्या आकड्यांत चांगलाच फरक पडला. "सभेत?" या प्रश्नावर मी शून्य लिहिलं होतं. ह्यांनी न बोलता दोन लिहिले. त्यांचं बरोबर होतं, कारण आपली डुलकी आपल्याला दिसत नाही.

मशीन खरंच किती तास लागतं?

रोज चार तास लागलं म्हणजे पुरे, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. परदेशी विमा कंपन्या मशीनचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी चार तासांचा निकष लावतात. थकवा जायला तेवढे पुरतीलच असं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की काहींची डुलकी चार तासांवर कमी होते, काहींना सहा तास लागतात, आणि रोजची कामं पूर्वीसारखी व्हायला काहींना सात-साडेसात तास मशीन लावावं लागतं. तेव्हा हिशेब असा धरा: जितका वेळ झोप, तितका वेळ मशीन.

यातली खरी मेख पहाटेत आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात, म्हणून पुष्कळांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. बायकांमध्ये तर फक्त याच झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. आता आपल्याकडच्या घरातली पहाट आठवा. नळाला पाणी येतं म्हणून कुणीतरी उठतं, मास्क काढतं, टाकी आणि पिंप भरतं आणि "अजून तासभर पडू" म्हणून तसंच आडवं होतं. तो तासभर सगळ्यात महागाचा. माझ्या मशीनच्या नोंदीत रोज पहाटे साडेचारला रेघ तुटायची, आणि डॉक्टरांनी पहिलं बोट तिथेच ठेवलं. आता पाण्याचं काम ह्यांच्याकडे आहे. ते जमणार नसेल तर पाणी भरून आल्यावर पुन्हा मास्क लावा. पुन्हा लावायचा कंटाळा येऊ नये म्हणून नळीचं तोंड मास्कपासून सुटं करून उठायचं आणि मास्क तोंडावरच ठेवायचा. बहुतेक मास्कना ही सोय असते. परत आल्यावर नुसती टिचकी मारून नळी जोडली की झालं.

झोपेतच नकळत मास्क काढून टाकला जात असेल तर त्याला बहुधा कारण असतं: नाक चोंदणं, हवा डोळ्यांवर येणं, दाब कमी पडून गुदमरल्यासारखं होणं. तो निष्काळजीपणा समजू नका, कारण शोधा. मास्कचीच भीती वाटत असेल तर संध्याकाळी मालिका बघताना अर्धा तास नुसता लावून बसा, जागेपणी. चेहऱ्याला सवय झाली की रात्री हात तिकडे कमी जातो.

हवा कुठून सुटते?

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे सगळ्यात जास्त सुधारणा हाती लागते आणि त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत.

आधी मशीन काय करतं ते नीट समजून घ्या. आमच्या सासूबाई आल्यागेल्याला "सुनेला ऑक्सिजन लावलाय" असं सांगायच्या. तो ऑक्सिजन नव्हे. खोलीतलीच हवा मशीन थोड्या दाबाने आत सोडतं, आणि त्या दाबामुळे घशाची नळी झोपेत मिटत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत काढली आणि १९८१ साली ती जगासमोर आली. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. साधारणपणे मशीन ४ ते २० इतका दाब देतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. मास्कच्या कडेने हवा निसटली की घशापर्यंत दाब पोचत नाही, श्वास पुन्हा अडतो आणि सकाळी तुम्ही थकलेल्याच उठता. मास्कला पुढे बारीक भोकं असतात, तिथून हवा यायलाच हवी. तो उच्छ्वास बाहेर जायचा मार्ग आहे. ती भोकं कधीही बुजवू नका.

मास्क बसवायचा तो आडवं होऊन आणि हवा चालू ठेवून. उठून बसलेल्या स्थितीत घट्ट केलेला मास्क आडवं झाल्यावर सैल पडतो, कारण गाल मागे सरकतात. हवा चालू झाली की मास्क चिमटीत धरून चेहऱ्यापासून जरासा पुढे ओढायचा. सिलिकॉनची गादी फुगते. मग हळूच टेकवायचा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हवा सुटते म्हणून पट्टे आवळत गेलं की गादी चेपून तिला घडी पडते आणि नेमकी तिथूनच हवा सुटते. वर नाकाच्या दांड्यावर व्रण उठतो तो वेगळाच. पट्टा आधी सैल करून बघा, मग घट्ट.

आता आपल्या घरातल्या गोष्टी, ज्या मशीनबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेल्या नसतात. रात्री झोपताना डोक्याला तेल लावायची सवय असेल तर ती दिवसावर न्या. खोबरेल तेल कपाळावर उतरतं, गादी घसरते, पट्ट्यांचं कापड तेलकट होऊन ताण धरत नाही. झोपताना चेहऱ्याला क्रीम नको. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा. अंबाडा मागच्या पट्ट्याच्या मध्ये येतो, त्यापेक्षा सैल वेणी बाजूला घ्या. नाकात चमकी असेल तर गादी तिच्यावर तरंगते, आणि नाकपुडीत बसणारा छोटा मास्क असेल तर आतली फिरकी टोचते. मी रात्री चमकी काढून डबीत ठेवते. सासूबाईंना ते सुरुवातीला रुचलं नाही, मग त्यांनीच डबी आणून दिली. पुरुषांना दाढी असेल तर मोठ्या मास्कची गादी केसांवर बसत नाही. एकतर दाढी बारीक करा किंवा नाकपुडीवर बसणारा मास्क मागा.

गादी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा किंवा साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. नळी आणि मशीनची पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा धुवा. मशीनच्या मागची जाळी महिन्यातून एकदा तरी उघडून बघा. आपल्याकडच्या धुळीत ती लवकर काळी पडते. गादी पिवळी, चिकट किंवा ढिली झाली असेल तर धुऊन उपयोग नाही, ती बदलायचीच वस्तू आहे.

हवा कुठून सुटते हे सकाळी उठल्यावर शरीर सांगतं. डोळे लाल आणि कोरडे असतील तर मास्कच्या वरच्या कडेने. जीभ टाळ्याला चिकटलेली असेल तर तोंडातून. म्हणजे नाकाने आत गेलेली हवा उघड्या तोंडाने बाहेर पडली. मग आधी नाक मोकळं आहे का ते बघा, कारण नाक बंद असेल तर तोंड उघडणारच. तरीही उघडत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा, हे मास्क देणाऱ्याला विचारा. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ हल्ली पुष्कळ फिरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नका.

नाक मोकळं ठेवणं हा वेगळाच उद्योग आहे. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की पुष्कळ फरक पडतो. जलनेती करणाऱ्यांना हे माहीतच आहे. पाणी उकळून कोमट केलेलं हवं, थेट नळाचं नको. ॲलर्जी असेल तर डॉक्टर नाकात मारायचा फवारा देतात. मशीनची पाण्याची टाकी हवेत ओल आणते, त्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरा. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणीही वापरू नका, ते श्वासात जाण्यासाठी केलेलं नसतं. थंडीच्या दिवसांत नळीत पाणी साचतं आणि पहाटे नाकात गुडगुड होऊन जाग येते. नळी पांघरुणाखालून घ्या, मशीन अंथरुणापेक्षा खाली ठेवा, ओलीचा आकडा एक पायरी उतरवा.

मशीनच्या पडद्यावरचे आकडे

बहुतेक मशीन सकाळी तीन गोष्टी दाखवतात: किती तास लागलं, गळती किती, आणि तासाला किती वेळा श्वास अडला. शेवटचा आकडा ५ च्या खाली हवा. तो वरचेवर जास्त येत असेल तर दाब कमी पडतो आहे किंवा गळती आहे. पण आकडा चांगला आला म्हणजे सगळं आलबेल असं नाही. मशीन हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधतं. तुम्ही झोपलात की छताकडे बघत पडलात हे त्याला कळत नाही. आकडा चांगला आणि तुम्ही थकलेल्या, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरांना रात्रभराची ऑक्सिजनची नोंद किंवा मशीन लावून पुन्हा झोपेची तपासणी करायची का, ते विचारा.

काहींना मशीन सुरू झाल्यावर वेगळ्याच प्रकारे श्वास थांबायला लागतो. घसा उघडा असतो, पण मेंदूकडून श्वासाची सूचनाच क्षणभर येत नाही. काही मशीन हा आकडा ‘क्लिअर एअरवे’ म्हणून निराळा दाखवतात. बहुतेकांचं हे मशीन चालू ठेवल्यावर काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. नाही झालं तर मशीनचा प्रकार बदलावा लागतो. हृदय कमकुवत असणाऱ्यांनी याबाबत फार सावध राहावं, कारण या कामासाठी वापरतात तो एक प्रकार हृदयाची ताकद बरीच घटलेल्या रुग्णांना चालत नाही. हा निर्णय डॉक्टरांचाच.

आपोआप दाब बदलणारं मशीन असेल तर ते कोणत्या मर्यादेत ठेवलंय तेही विचारा. कधी कधी देणारा माणूस ते ४ ते २० असं मोकळंच सोडून जातो. ४ वर सुरुवात झाली की अनेकांना हवा पुरत नाही असं वाटतं आणि झोप लागायच्या आतच मास्क निघतो. आणि पोट फुगून सकाळी ढेकरांवर ढेकरा येत असतील तर हवा पोटात जाते आहे, हेही सांगायचं. दाब स्वतः कमी-जास्त करत बसू नका.

वीज जाते तिथे मशीन इन्व्हर्टरवर घ्या. बॅटरी लवकर उतरत असेल तर पाणी तापवणारा भाग बंद ठेवून नुसती हवा चालू ठेवा, बराच वेळ टिकते.

झोपेची थकबाकी आणि दुपार

वर्षानुवर्षं तुटक झोप झालेली असते. ती काही रात्रींत भरून येत नाही. काहींना पहिल्या आठवड्यातच डोकं हलकं वाटतं, अनेकांना दोन-तीन महिने लागतात. सुरुवातीला स्वप्नं खूप आणि ठसठशीत पडतात, कारण हरवलेली स्वप्नांची झोप शरीर वसूल करत असतं. त्याने घाबरू नका.

या काळात झोपायची वेळ तासभर अलीकडे घ्या आणि उठायची वेळ पक्की ठेवा, रविवारीसुद्धा. मी दहाची मालिका सोडली, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघते. उठल्यावर उजेडात या. साताऱ्यात राहणाऱ्यांना हे अवघड नाही, चार भिंती स्मारकाकडे किंवा अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याला सकाळी माणसं असतातच. तिथवर जमत नसेल तर गच्चीत अर्धा तास.

दुपारी एक ते तीनच्या दरम्यान निरोगी माणसालाही सुस्ती येते. तिला आजार समजू नका, पण भरपेट भात खाऊन तिला बळही देऊ नका. भाकरी, भाजी, ताक, आणि मग खुर्चीत न बसता दहा मिनिटं चालणं. वामकुक्षी घ्यायचीच असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत, आणि मास्क लावून. दुपारची झोप म्हणजे आजाराला सुट्टी नव्हे. मशीनशिवाय आडवं झालं की श्वास तसाच अडतो आणि माणूस झोपण्याआधीपेक्षा जड होऊन उठतो. दुपारी मशीन लावायला लागल्यावर माझी संध्याकाळची डोकेदुखी गेली.

चहातलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला पाच-एक तास लागतात. म्हणून साडेचारच्या चहाचा बराच भाग रात्री साडेनऊलाही अंगात असतो. दुपारी दोननंतर चहा बंद करून बघा. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण आमच्याकडे कीर्द बंद करायच्या वेळेलाच चहावाला येतो. आता त्या वेळेला मी ताक किंवा गरम पाणी घेते. दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते. संध्याकाळी घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तरीही शीण असेल तर रक्त, गोळ्या आणि मन

तास भरले, गळती नाही, आकडा चांगला, वेळ पक्की, आणि तरीही अंगात त्राण नाही. आता घशाकडून लक्ष काढा.

डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ते कमी होतं. थायरॉईड मंद असेल तर थकवा, वजन आणि ॲप्निया तिन्ही एकमेकांत गुंततात. रात्री पायांत वळवळ, पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं, अशी तक्रार असेल तर ती आवर्जून सांगा. त्यात लोह कमी असणं हे नेहमीचं कारण आहे. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन कमी असू शकतं, म्हणून ते वेगळं तपासायला सांगायचं. माझं तसंच निघालं.

गोळ्यांची पिशवी घेऊन जा, सगळी. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या अनेक गोळ्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी ठेवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, फिटच्या, चिंतेच्या, झोपेच्या गोळ्यांनीही शीण येतो. कोणतीही स्वतः बंद करायची नाही, फक्त विचारायचं.

मनाचंही बोलायला हवं. सकाळी उठावंसं वाटत नाही, आवडीचं काहीच करावंसं वाटत नाही, डोळे सारखे भरून येतात, हे नैराश्यही असू शकतं, आणि ॲप्नियाबरोबर ते बऱ्याचदा असतं. मशीनने ते काहींचं हलकं होतं, काहींना वेगळे उपचार लागतात. ते सांगायला लाजू नका.

आणि शरीराची सवय. कित्येक वर्षं थकलेलं शरीर बसून बसून ताकद घालवून बसतं. मग झोप सुधारली तरी जिना जडच वाटतो. सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करा, आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर तेवढ्यावरच थांबा, पुढच्या आठवड्यात वाढवा. वजन नुसत्या मशीनने उतरत नाही, ते वेगळं काम आहे. पण झोप झाली की चालायला निघावंसं वाटतं, हा फायदा खरा.

गाडी

हे मी जीव तोडून सांगते. डुलकी जाईपर्यंत महामार्गावर गाडी हातात घेऊ नका. गावातल्या गावात दुचाकीवरही दुपारी जपून. खंबाटकीच्या घाटात काच उघडून, गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही, नुसती पुढे ढकलली जाते. पापणी जड झाली की जागा बघून गाडी बाजूला घ्या, चहा-कॉफी घ्या, वीस मिनिटं झोपा, मग निघा. बसचे, ट्रकचे, रिक्षाचे चालक असतील त्यांनी तर कामावर रुजू होण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावं. उत्पन्नाचा प्रश्न असतो हे कळतं, पण मागे माणसं बसलेली असतात.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना

सगळं नीट करूनही काहींची झोप दिवसा राहतेच. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. वैद्यकशास्त्रात त्याची वेगळी नोंद आहे आणि त्यावर औषधं आहेत. मोडाफिनिलसारखी जागं ठेवणारी गोळी डॉक्टर विचार करून देतात. हृदय आणि रक्तदाब बघावा लागतो, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ती कमी करते, तेही सांगावं लागतं. मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घ्यायची ही गोळी नाही, आणि ती चालू असली तरी रात्री मशीन लागतंच. हसताना गुडघे एकदम लुळे पडणं, झोपेत शिरताना किंवा उठताना अंग हलवता न येणं, असं काही होत असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. त्यामागे वेगळा झोपेचा आजार असू शकतो.

जाताना दर महिन्याचे एपवर्थचे आकडे, सगळ्या गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि मास्क बरोबर न्या. मास्क तिथेच लावून दाखवा, बसवण्यात चूक असेल तर लगेच दिसते. रात्री जो माणूस तुमच्या खोलीत असतो त्याला बरोबर घ्या. मशीनमधलं कार्ड किंवा फोनवरचा अहवाल तिथे नेहमी उघडतोच असं नाही, म्हणून मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांना दोन दिवस आधी फोन करून गेल्या महिन्याचा पूर्ण अहवाल छापून मागवून घ्या.